निवडणुकीचा खर्च, शहराचा नकाशा

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकाला महिन्याला २५ हजार रुपये मानधन मिळते. २०१७ मध्ये ते १० हजारांवरून इतके वाढले. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर पंधरा लाख होतात. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मुंबईतल्या उमेदवारासाठी राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेली खर्चमर्यादाही पंधरा लाखच होती. उमेदवाराने कायद्यात बसेल तेवढाच खर्च केला, तरी निवडून आल्यावर त्याचे पाच वर्षांचे सगळे मानधन त्या खर्चाच्या भरपाईतच जाईल. प्रत्यक्षात खर्च किती होतो, हे प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही प्रभागात फिरलेल्या माणसाला ठाऊक असते. वरचा पैसा कोण घालतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळते, हा शहरांच्या कारभारातला सर्वांत जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर रस्त्याच्या डांबरात, उद्यानाच्या आरक्षणात आणि इमारतीच्या उंचीत दिसते.

पणाला काय लागलेले असते, हे आधी पाहायला हवे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. लहान महापालिकांच्या आकड्यांची शून्ये कमी असतात, कामे मात्र तीच: रस्ते, पाणी, कचरा, गटारे, शाळा, दवाखाने, जाहिरात फलकांचे परवाने. या सगळ्याहून मोलाची गोष्ट अर्थसंकल्पात दिसतच नाही. ती म्हणजे जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार. शेतजमीन निवासी विभागात आली, मैदानाचे आरक्षण उठले, चटईक्षेत्र निर्देशांक एकाचा दोन झाला, तर पालिकेच्या तिजोरीतून एक रुपयाही न जाता कोणाच्या तरी मालमत्तेची किंमत कित्येक पटींनी वाढते. हे घडवणारा ठराव पानभराचा असतो.

म्हणूनच स्थानिक निवडणुकीत पैसा घालणारे बहुतेक जण बांधकाम, कंत्राटदारी आणि जमिनीच्या व्यवहारातले असतात. हा केवळ चावडीवरचा समज राहिलेला नाही. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव या अभ्यासकांनी राज्यवार सिमेंटच्या वापराचे महिनावार आकडे तपासले, तेव्हा विधानसभा निवडणुकीच्या महिन्यात सिमेंटचा वापर ठळकपणे घसरतो असे त्यांना आढळले. त्यांनी मांडलेला तर्क असा: राजकारण्यांचा पैसा बिल्डरांकडे गुंतलेला असतो, परवानग्यांसाठी बिल्डर राजकारण्यांवर अवलंबून असतो, आणि निवडणूक आली की रोख रक्कम बांधकामावरून प्रचाराकडे वळते. हा अभ्यास राज्याच्या पातळीवरचा आहे. महापालिकेच्या निवडणुकीत तर हे नाते अधिकच जवळचे असते, कारण पैसे देणारा आणि परवानगी देणारा अनेकदा एकाच प्रभागात राहतात.

नवी प्रभागरचना हा खर्च आणखी वाढवते. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. बाकीच्या बहुतेक महापालिकांत चार जणांचे पॅनेल असते. पुण्यात १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून आले, म्हणजे एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांच्या आसपास लोकसंख्या. एवढ्या लोकांपर्यंत पायी पोचता येत नाही. तिथे वाहने लागतात, कार्यकर्त्यांची जेवणे लागतात, फलक, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती, मंडळांच्या वर्गण्या, मतदानाच्या दिवशी बुथवर बसणारी माणसे लागतात. ज्याच्याकडे स्वतःचा पैसा नाही त्याला तो उभा करावा लागतो, आणि उभा केलेला पैसा परत करावा लागतो. पक्षही उमेदवारी देताना खर्च करण्याची ऐपत आधी बघतो. बिल्डर किंवा कंत्राटदार स्वतःच उमेदवार होतो ते याच वाटेने. तिथे देणगीदार आणि लोकप्रतिनिधी यांच्यातली सीमाच पुसली जाते.

कायदा या सगळ्याकडे एका बाजूनेच पाहतो. उमेदवाराने किती खर्च केला हे तो विचारतो. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत हिशेब द्यावा लागतो, न दिल्यास अपात्रतेची तरतूद आहे, आणि ती अनेकांवर लागूही झाली आहे. पण पक्षाने किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च बाहेर ठेवण्याची पळवाट फार जुनी आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. संसदेने लगेच कायदा बदलून तो निर्णय निष्प्रभ केला. ते प्रकरण लोकसभा-विधानसभेच्या कायद्याखालचे होते, पण पक्षाचा खर्च वेगळा आणि उमेदवाराचा वेगळा ही सवय तिथून खालपर्यंत झिरपली. देणाऱ्याच्या बाजूचा हिशेब तर स्थानिक पातळीवर जवळजवळ नाहीच. राष्ट्रीय पक्ष वीस हजारांहून मोठ्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देतात. त्या यादीतून अमुक शहरातल्या अमुक भूखंडाशी कोणाचा संबंध आहे, हे कोणाला कळणार?

हा संबंध दिसला तर काय होते, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली आणि स्टेट बँकेला तपशील जाहीर करायला लावला. त्या यादीत मेघा इंजिनिअरिंग ही कंपनी ९६६ कोटींच्या रोख्यांसह दुसऱ्या क्रमांकावर होती. एप्रिल २०२३ मध्ये तिने १४० कोटींचे रोखे घेतले होते, आणि त्याच सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे ठाणे-बोरिवली दुहेरी बोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम तिला मिळाले होते. दोन तारखा जवळ आल्या म्हणून देवाणघेवाण सिद्ध होत नाही. निविदा नियमानुसार झाली असेल, काम कंपनीने गुणवत्तेवर मिळवले असेल. पण हा प्रश्न विचारता येण्यासाठी दोन्ही तारखा नागरिकापुढे एकाच वेळी असाव्या लागतात, आणि त्या येण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हुकूम सोडावा लागला. नगरपालिकेच्या गटाराच्या निविदेसाठी असा हुकूम कोण सोडणार?

या आढाव्याचा मुख्य मुद्दा असा आहे. स्थानिक कारभारातल्या पैशाची चर्चा लाचेपुरती केली, तर तिचा मोठा भाग निसटतो. लाच हा गुन्हा आहे, त्यात कोणीतरी कधीतरी सापळ्यात सापडतो. निवडणुकीच्या निधीतून तयार झालेले ऋण कोणत्याही सापळ्यात सापडत नाही. ते सभागृहातल्या मतदानात उतरते, तहकूब ठेवलेल्या विषयांत उतरते, सभेच्या शेवटी आयत्या वेळी आलेल्या प्रस्तावात उतरते.

निविदांच्या बाजूने सुरुवात केली तर केंद्रस्थानी येते स्थायी समिती. राज्यातल्या बहुतेक महापालिकांत तिचे सोळा सदस्य असतात, मोठ्या रकमेची कंत्राटे तिच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाहीत, आणि म्हणून तिच्या अध्यक्षपदासाठी महापौरपदाहून अधिक चुरस असते. १८ ऑगस्ट २०२१ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मुख्यालयात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने छापा घातला आणि स्थायी समितीच्या अध्यक्षांसह पालिकेच्या कर्मचाऱ्यांना अटक केली. तक्रार जाहिरात फलकांच्या कामातल्या एका ठेकेदाराची होती. मंजूर झालेल्या कामाचा आदेश हातात पडण्यासाठी पैसे मागितले जातात, असे त्याचे म्हणणे होते. आरोपाची तड न्यायालयातच लागते. पण टक्केवारीची भाषा पालिकेच्या आवारात कोणालाही नवी वाटत नाही, हीच खेदाची बाब आहे.

मुंबईच्या रस्त्यांची कथा अधिक बोलकी आहे. २०१५ मध्ये महापौर स्नेहल आंबेकर यांनीच आयुक्त अजोय मेहता यांना पत्र लिहून रस्त्यांच्या कामातल्या गैरव्यवहाराची चौकशी मागितली. चौकशीत ३४ रस्त्यांची तपासणी झाली, ३५२ कोटींच्या कामांत गंभीर त्रुटी निघाल्या, २०१६ मध्ये कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, काही अभियंत्यांवर कारवाई झाली, काही कंपन्या काळ्या यादीत गेल्या. त्रयस्थ लेखापरीक्षकही गोत्यात आले. ज्यांनी कामाचा दर्जा तपासायचा, त्यांनी कागदावरच शेरे दिले होते. चौकशीची झळ कंत्राटदार, अभियंता आणि लेखापरीक्षक या तिघांपर्यंत पोचली. त्या कामांना सभागृहात आणि समितीत मंजुरी देणाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही.

कंत्राटाची रचना हीसुद्धा प्रभाव टाकण्याची जागा असते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सुमारे ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची ६,०७९ कोटींची कामे पाच भागांत विभागून पाच कंपन्यांना देण्यात आली. मोठ्या कंपन्या आल्या की दर्जा सुधारेल, असे पालिकेचे म्हणणे होते. पाच कामांना पाचच कंत्राटदार कसे मिळाले आणि दर का वाढले, असा आक्षेप आदित्य ठाकरे यांनी घेतला. पालिकेने तो फेटाळला. त्यातले दक्षिण मुंबईचे कंत्राट पुढे काम सुरूच न झाल्यामुळे त्याच वर्षी रद्द करावे लागले. निविदेच्या अटी किती कडक ठेवायच्या, भागीदारीला परवानगी द्यायची की नाही, किती वर्षांचा अनुभव मागायचा, हे ठरवतानाच किती जण स्पर्धेत राहतील ते ठरते. दरपत्रके उघडली जातात तो दिवस त्या मानाने शेवटचा टप्पा असतो.

काँक्रिटीकरणाची ही कंत्राटे दिली गेली तेव्हा मुंबईत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य राहिले. सभागृह नसले तर पैशाचा दबाव कमी होईल अशी काहींची समजूत होती. तसे झाले नाही. इंडियन एक्सप्रेसने माहिती अधिकारातून मिळवलेल्या कागदांवरून जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिले, की आधीच्या वर्षात पालिकेच्या तिजोरीतून सत्ताधारी आघाडीच्या २१ आमदारांच्या मतदारसंघांतल्या कामांना सुमारे ५०० कोटी गेले. विरोधी बाकांवरच्या १५ आमदारांपैकी एकाच्याही वाट्याला त्यातले काही आले नाही. इथे देणगीदार शहरच होते. करदात्याच्या पैशातून पुढच्या निवडणुकीची मशागत चालली होती.

जमिनीचा प्रश्न मात्र फार मोठा आहे, आणि त्याची उत्तरे पालिकेत नव्हे, मंत्रालयात ठरतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. विकास आराखडा पालिका तयार करते, हरकती-सूचना मागवते, पण अंतिम मंजुरी राज्याच्या नगरविकास खात्याची. कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो. पालिकेने ठराव करायचा, महिनाभर हरकती घ्यायच्या, प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. शासनाला स्वतःहूनही असा बदल हाती घेता येतो. किरकोळ म्हणून सुरू झालेले कितीतरी बदल शहराच्या चेहऱ्यावर कायमचे कोरले गेले आहेत.

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. सुमारे ६०० एकर, शहराच्या अगदी मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या भागाचा एकत्रित आराखडाही मांडला. मालक पुढे येत नाहीत, जमिनी पडून आहेत, कामगारांची देणी थकली आहेत, असे कारण देत २००१ मध्ये नियम बदलला गेला. वाटणी आता फक्त मोकळ्या जमिनीची करायची होती. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती हिशेबातून बाहेर गेली, आणि गिरण्यांत मोकळी जमीन असते तरी किती? शहराचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसून अगदी थोडा उरला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून राज्याचा बदल वैध ठरवला. हा निकाल येण्यापूर्वीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले होते. दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना घेणाऱ्या भागीदारीत नामवंत राजकीय घराण्यांतल्या व्यक्ती होत्या. लिलाव कायदेशीर होता. पण बिल्डर राजकारण्याकडे जातो हे जुने चित्र तिथे अपुरे पडते, हे मान्य करायला हवे.

या बदलात कोणी कोणाला पैसे दिले याचा पुरावा कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही, आणि तसा आरोप इथे करायचाही नाही. मालकांचे म्हणणे शासनाने ऐकले, कामगारांचे आणि मुंबईकरांचे तितके ऐकले नाही, एवढे निर्विवाद आहे. परळ-लालबागमध्ये मैदाने होतील अशी एक शक्यता होती, ती एका शब्दाच्या व्याख्येने गेली. हे नुकसान कोणत्याही लाचेपेक्षा मोठे आहे.

पुण्यात पालिकेची बाजूही दिसली. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये हरकती मागवल्या, तेव्हा त्या ८७ हजारांहून अधिक आल्या. नगरसेवकांनी शाळा, मैदाने, उद्यानांची आरक्षणे उठवली, असा नागरिकांचा मुख्य आक्षेप होता. सभागृहाला मुदतीत आराखडा संमत करता आला नाही, आणि मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. समितीने उठवलेली अनेक आरक्षणे परत आणली. निवडून आलेल्यांपेक्षा अधिकाऱ्यांनी शहराचे हित अधिक राखावे, हे लोकशाहीवर विश्वास असणाऱ्याला बोचते. तरी तसे झाले.

आता कायदेशीर, उघड प्रभावाकडे. भारतात लॉबिंगचे नियमन करणारा कायदा नाही. क्रेडाई-एमसीएचआय, नारेडको यांसारख्या विकासकांच्या संघटना निवेदने देतात, मंत्र्यांना भेटतात, समित्यांपुढे मांडणी करतात. यात गैर काही नाही. व्यवसायाच्या अडचणी सांगण्याचा हक्क त्यांना आहे, आणि अनेक मागण्या रास्तही असतात. करोनाच्या काळात बांधकाम ठप्प झाले, दीपक पारेख यांच्या समितीने सवलती सुचवल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांधकाम अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. अट अशी, की सूट घेणाऱ्या विकासकाने घर घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क भरावे. निवडक विकासकांचाच फायदा होईल, असा इशारा तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्र लिहून दिला होता. अधिमूल्य हे पालिकांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. ते अर्धे करण्याचा निर्णय मंत्रालयात झाला. त्या भेटीगाठींची नोंद कुठे आहे? कोणती संघटना कोणाला कधी भेटली, तिने काय मागितले आणि तिच्या सदस्यांनी कोणत्या पक्षाला किती निधी दिला, हे तिन्ही कागद समोर असते तर निर्णयावरचा विश्वास वाढला असता. विकासकांच्याही ते फायद्याचे ठरले असते.

गोव्यात जमिनीचा वापर बदलून घेण्याची वाट आणखी सरळ झाली. नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०१८ मध्ये १६ ब हे कलम आणि २०२३ मध्ये कलम १७ चे दुसरे पोटकलम आले. त्यांतून एकेका भूखंडाच्या मालकाला विभाग बदलून मागण्याची सोय झाली. प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली भातशेती आणि डोंगरउतार वस्तीत येऊ लागले. ग्रामसभांचे आक्षेप बाजूला पडले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द केले.

आयुक्त हा या दबावांना तोंड देणारा माणूस असतो, किंवा त्यांत सामील होणारा. दोन्ही उदाहरणे आहेत. नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांनी बेकायदा बांधकामे आणि कंत्राटे यांवर कारवाई सुरू केली, तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये सभागृहाने त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला बसले. मुख्यमंत्र्यांनी लगेच बदली केली नाही, पण मार्च २०१७ मध्ये ती झालीच. दुसरे टोक वसई-विरारचे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या सुमारे साठ एकरांवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची कमाई घालून तिथे घरे घेतली, आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. ईडीने २०२५ मध्ये नगररचना उपसंचालकांच्या घरांतून कोट्यवधींची रोकड आणि दागिने जप्त केले. परवानगीमागे दर चौरस फुटाला ठरलेली रक्कम घेतली जात होती, असा तिचा आरोप आहे. माजी आयुक्तांनाही तिने अटक केली. ती अटक उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. खटले चालतील. घरे गेलेल्या कुटुंबांच्या हाती काय पडेल, हे मात्र कोणत्याही दोषारोपपत्रात लिहिलेले नाही.

या रोगाची सर्वांत वाईट किंमत जिवाने मोजली जाते. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलिस आणि एक नगरसेवकही होता.

शिक्षेपर्यंत पोचलेले प्रकरण विरळच. जळगावचे घरकुल प्रकरण त्यांतले एक. १९९० च्या दशकात तिथल्या नगरपालिकेने गरिबांसाठी सुमारे अकरा हजार घरे बांधण्याचे काम एकाच बांधकाम कंपनीला दिले, कर्ज काढून आगाऊ रकमा दिल्या, घरे मात्र थोडीच झाली. २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी धरले. त्यात माजी नगरसेवक मोठ्या संख्येने होते. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड झाला. शिक्षेविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली आहे. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली, आणि कर्जाचा बोजा जळगावकरांनी त्याहून जास्त काळ वाहिला. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या साध्या नगरसेवकालाही जबाबदार धरता येते, हे या निकालाने दाखवले.

गावपातळीवर पैसा कधीकधी आडपडद्याशिवाय येतो. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. पैसा मंदिराच्या कामासाठी, असे सांगण्यात आले. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांची बोली झाली. चित्रफिती बाहेर आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. गावकऱ्यांना त्यात वावगे वाटले नव्हते, कारण पैसा देवाच्या नावाने येणार होता. एवढी बोली लावणारा माणूस ती कुठून वसूल करणार, हा प्रश्न बाजूला राहिला. २०२६ च्या महापालिका निवडणुकांत साठहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले, तेव्हाही आयोगाला माघारीमागे दबाव किंवा आमिष होते का याचे अहवाल मागवावे लागले.

उपाय आहेत, आणि ते करून पाहिले गेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २००९ मध्ये मालमत्ता विकासकांकडून राजकीय देणग्या घेण्यावर सरळ बंदी घातली. न्यूकॅसल शहराचे माजी महापौर आणि स्वतः विकासक असलेल्या जेफ मॅक्लॉय यांनी तिला आव्हान दिले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. ज्याचा नफा एका सहीवर ठरतो त्याच्या देणगीकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहू शकतो, असा त्या निकालाचा मथितार्थ. अमेरिकेतल्या सिएटल शहराने प्रत्येक मतदाराला पंचवीस डॉलरची चार कुपने दिली, ती त्याने आवडत्या उमेदवाराला द्यायची. न्यूयॉर्कमध्ये रहिवाशाच्या छोट्या देणगीत शहर स्वतःची आठपट भर घालते. हे सारे आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही. रोखीचा व्यवहार जिथे मुख्य आहे तिथे कुपनांचा उपयोग थोडा. पण न्यू साउथ वेल्सची दिशा महाराष्ट्राला जवळची आहे. ज्याचा प्रस्ताव, निविदा किंवा परवाना पालिकेत प्रलंबित आहे, त्याला त्या पालिकेतल्या उमेदवाराला किंवा पक्षाला देणगी देण्यास मनाई करणे, आणि दिली असल्यास संबंधित नगरसेवकाने त्या विषयावर मतदान न करणे, एवढी तरतूद राज्याच्या अधिकारात बसते. आजचा कायदा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या नगरसेवकाला अपात्र ठरवतोच. त्याला बगल मिळते ती नातेवाइकांच्या नावाच्या कंपन्यांतून आणि देणग्यांतून.

लोकांनी लावलेला दबावही कामी येतो. पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. ते उठावे म्हणून वर्षानुवर्षे जोर लावला गेला. माजी महापौर वंदना चव्हाण, पर्यावरण संस्था आणि हजारो पुणेकर अडून राहिले, आणि २०१५ मध्ये राज्याने आरक्षण कायम ठेवले. टेकड्या अजून पूर्ण सुरक्षित नाहीत. जमीनमालकांना मोबदला कसा द्यायचा, हा त्यांच्या बाजूने रास्त असलेला प्रश्न लोंबकळत आहे, आणि तो सुटत नाही तोवर आरक्षण उठवण्याची मागणी परत परत येत राहील.

महाराष्ट्रात २००९ मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. प्रभागातल्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांची मिळून एक सभा, ग्रामसभेसारखी, जिथे कामांची यादी आणि खर्च लोकांपुढे यावा. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांनी क्षेत्रसभांच्या हद्दी आखून मागाव्यात, आरक्षण बदलाचा प्रत्येक प्रस्ताव महासभेआधी त्या भागातल्या क्षेत्रसभेपुढे ठेवावा, आणि प्रस्तावाच्या कागदावर अर्जदार कंपनीच्या मालकांची नावे छापावीत. यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. महासभेचा एक ठराव पुरतो.